मिक्श्चरचा प्रसाद

विमलाच्या अंगात रक्त कमी आहे, हे कारखान्याच्या लेडी डॉक्टरनं सांगेपर्यंत घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. गच्चीचा जिना चढताना ती मध्येच कठडा धरून उभी राहिली की अहल्याआत्या म्हणे, "स्वप्नं बघत चालते." दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती खाली बसली की थोरला भाऊ हयवदन म्हणे, "काम टाळावं तर हिनं." आई कमलाबाई काहीच म्हणत नसे. जिना चढताना तिलाही असंच होई, आणि सगळ्याच बायकांना तसं होतं अशी तिची पक्की समजूत होती.

गोष्ट एकसष्ट सालची. बेंगळुरातल्या जयनगरात तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते. विमलाचे वडील भीमाचार्य हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झाले आणि त्यांनी तिथे पाच खोल्यांचं घर बांधलं. त्यातली सगळ्यांत मोठी खोली देवाला दिली आणि उरलेल्या चारांत माणसं दाटीवाटीनं राहू लागली. भीमाचार्य तसे तापट नव्हते, पण नियमाला पक्के होते. सोवळं कशानं मोडतं आणि मोडलं तर कशानं जुळतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी बिनचूक सांगितलं असतं. एकदा हयवदननं तसं उठवून विचारलंही होतं. आधी उत्तर मिळालं आणि मग थोबाडीत.

विमला वीस वर्षांची. एसएसएलसी होऊन तीन वर्षं घरात बसून होती. शहराबाहेरच्या टेलिफोन कारखान्यात मुली घेणार असल्याची जाहिरात आली, तेव्हा तिनं अर्ज केला आणि परीक्षाही दिली. दोनशे मुलींत तिचा अकरावा नंबर आला. परीक्षेच्या दिवशी तिनं तो लांबलचक हॉल पाहिला होता. निळे एप्रन घातलेल्या मुली ओळीनं बसून केसासारख्या बारीक तारा जोडत होत्या, आणि कुणी कुणाला "पाणी आण गं" म्हणत नव्हतं. त्या ओळीत आपलीही एक खुर्ची असावी, असं तिला इतकं वाटलं की त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. भीमाचार्यांनी तीन आठवडे "विचार करू" म्हटलं आणि शेवटी निकाल दिला, "डॉक्टरनं पास केलं तर पुढचं बघू. नापास केलं तर ती देवाची इच्छा."

डॉक्टरनं पास केलं नाही, पण धड नापासही केलं नाही. लेडी डॉक्टरनं विमलाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घेतला आणि लाल रंगाच्या छटा छापलेल्या पट्टीशी ताडून पाहिला. "साठ टक्के," ती म्हणाली. "निदान पंचाहत्तर हवेत. सहा आठवडे लोहाचं औषध घे नि परत ये. तेव्हाही कमी भरलं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल."

म्हणून विमला गांधीबझारच्या डॉक्टर नंजुंडय्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि खिडकीपलीकडच्या कंपाउंडर बसवंतनं मिक्श्चर करून दिलं. बसवंत निपाणीकडचा. बेंगळुरात मराठी बोलायला कुणी भेटलं की त्याच्या जिभेला धरबंध राहत नसे.

"नीट ऐका हां, अक्का," बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवत तो म्हणाला. "ही एक खाच म्हंजे एक मात्रा. बारा खाचा हाईत, चार दिवसांचं औषध. दिवसातनं तीनदा, जेवल्यावर. उपाशीपोटी न्हाई, मळमळतंय. घ्यायच्या आधी बाटली हलवायची. वर तासभर कॉफी न्हाई. कॉफी नि हे पोटात एकत्र आलं की शाई हुतीय बघा, शाई! आनि ही काचेची नळी घ्या. ग्लासात ओतून नळीनं मागच्या मागं ओढायचं. दाताला लागलं की दात काळे हुत्यात."

इतकं सगळं त्यानं सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही, की ज्याचं औषध त्यानंच घ्यायचं. हे कुणाला सांगावं लागेल, असं त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बाटली घरी आली ती उंबरठ्यावरच अडली.

"ते कुठलं पाणी? कुणाच्या हातचं?" दारात आडवी होऊन अहल्याआत्यानं विचारलं. आत्या बालविधवा. या घराचं सोवळं भीमाचार्य सांगत आणि आत्या पाळून घेई. "दवाखान्यात काय काय लोक येतात! त्या बाटलीला कुणाकुणाचे हात लागले असतील! अय्यो, हे आमच्या घरात प्यायचं?"

"आत्या, औषध आहे ते," विमला म्हणाली.

"पाण्यात कालवलेलं आहे ना? मग पाणीच ते."

भीमाचार्य पंच्याचं टोक खांद्यावर टाकत बाहेर आले. बाटलीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मुलीचं औषध बंद करावं असं त्यांच्या मनात मुळीच नव्हतं. त्यांना फक्त वाट शोधायची होती, आणि शास्त्रातून वाट शोधण्यात त्यांचा हात धरणारा चामराजपेटेपर्यंत कुणी नव्हता. दोन मिनिटांत त्यांचा चेहरा उजळला.

"देवापुढे ठेवू," ते म्हणाले. "नैवेद्य दाखवला की ते दवाखान्याचं औषध उरत नाही, प्रसाद होतो. प्रसादाला कसलं आलंय ओवळं?"

झालं. बाटली देवघरात गेली. पाण्याचं मंडल काढून त्याच्यावर ती ठेवली गेली. बुचावर तुळशीचं पान ठेवायचं तर ते सारखं घसरे, म्हणून कमलाबाईंनी ते दोऱ्यानं बांधलं. भीमाचार्यांनी डोळे मिटून नैवेद्य दाखवला, घंटा वाजवली आणि मिक्श्चर पंचपात्रात ओतलं. घंटा ऐकताच घरातली सगळी माणसं सवयीनं येऊन ओळीनं उभी राहिली आणि सगळ्यांचे उजवे तळहात पुढे झाले.

विमला पुढे झाली. "अप्पा, हे माझं औषध..."

"तुझं होतं," भीमाचार्य शांतपणे म्हणाले. "आता प्रसाद आहे. प्रसाद एकट्यानं खाऊ नये आणि दिलेला नाकारू नये. तुला कमी पडणार नाही. देवाचं कधी कुणाला कमी पडलंय?"

मग पळीपळीनं वाटप झालं, वयाच्या मानानं. आधी आत्या, मग भीमाचार्य स्वतः, कमलाबाई, हयवदन आणि सगळ्यांत शेवटी जिच्या अंगात रक्त नव्हतं ती. एक पळी म्हणजे अर्धी मात्रा. हयवदन दुपारी कचेरीत असे, म्हणून त्याच्या वाटणीची पळी वाटीत झाकून ठेवली जाई. या घरात अन्याय कुणावर होत नसे.

संध्याकाळी नरसिंहराव गप्पा मारायला आले. हे भीमाचार्यांचे मित्र. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले आणि पासष्टीलाही बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असल्याचा अभिमान बाळगणारे. दाराशी आलेल्याला प्रसाद दिल्याशिवाय कसं पाठवायचं? त्यांनाही पळीभर मिळालं. त्यांनी ते तळहातावरून ओढून घेतलं, तोंड वाकडं केलं आणि डोळ्यांना हात लावला. "उग्र आहे," ते म्हणाले. "पण आत काहीतरी शिरल्यासारखं वाटतं हं, आचार्य!" दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास लवकर आले.

काचेच्या नळीचं तर नावच काढायची सोय नव्हती. नळीनं चोखायचं म्हणजे उष्टं. या घरात पाणीसुद्धा भांडं ओठांना न लावता वरून पीत. विमलानं नळी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवून दिली.

बाकीच्या नियमांचंही असंच मातेरं झालं. प्रसाद जेवणाआधी घ्यायचा, म्हणून मिक्श्चर उपाशीपोटी गेलं. विमलाला रोज मळमळू लागलं. मळमळतं म्हणून कमलाबाई मायेनं तिला ऊन ऊन कॉफी देत. आतापर्यंत देवाला नैवेद्य दिवसातून दोनदा होई, तो औषधापायी तीनदा होऊ लागला. मधे एकादशी आली. त्या दिवशी देवच उपाशी, तर प्रसाद कुठून येणार? आणि चार दिवसांची बाटली दीड दिवसात संपे. उरलेले अडीच दिवस नवी बाटली मिळायची वाट पाहण्यात जात.

आणि खरं सांगायचं तर घराला ते औषध मानवलं. आत्याचा आवाज खणखणीत झाला. पूर्वी ती मोलकरणीवर अंगणापर्यंत ओरडे, आता कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंत ऐकू जाऊ लागलं. नरसिंहराव म्हणत की त्यांचे गुडघे कुरकुरायचे थांबले. हयवदनचं पोट मात्र गच्च धरलं. तो सकाळी तांब्या घेऊन जाई तो कचेरीची बस चुकल्यावरच बाहेर येई, पण प्रसादाबद्दल तक्रार करायची त्याची छाती नव्हती. विमला तेवढी होती तशीच राहिली. अजून जिन्यात थांबे, अजून कठडा धरी. कॅलेंडरवर सहा आठवड्यांची तारीख तिनं पेन्सिलीनं हळूच खूण करून ठेवली होती. रोज रात्री ती खुणेपर्यंतचे दिवस मोजी.

तिनं बोलायला काय हरकत होती, असं वाचणाऱ्याला वाटेल. बोलून पाहा म्हणावं! प्रसादाला नाही म्हणणारी मुलगी कारखान्यात जाऊन आणखी काय काय करील, असा विचार भीमाचार्यांच्या डोक्यात एकदा शिरला असता, की दिलेली अर्धी परवानगी त्यांनी तिथल्या तिथे परत घेतली असती. म्हणून विमला गप्प राहिली आणि आपली पळी गिळत राहिली.

दुसरा आठवडा संपताना भीमाचार्यांनी ठरवलं की बाटली फारच लहान आहे.

"कंपाउंडरला मी स्वतः सांगतो," ते म्हणाले. "मोठी बाटली द्या म्हणावं. कुटुंबाला पुरत नाही." नरसिंहराव पाय मोकळे करायला बरोबर निघाले, विमला होतीच, आणि तिघं दवाखान्यात पोचली.

खिडकीत बसवंत कसल्याशा गोळ्या मोजत होता. विमलाला पाहून हसला. मग त्यानं भीमाचार्यांकडे पाहिलं आणि त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"नमस्कार," भीमाचार्य म्हणाले. तोंड उघडल्याबरोबर वरची अख्खी ओळ दिसली, शाळेच्या फळ्यासारखी काळी.

"तुमालाबी रक्त कमी हाय काय ओ?" बसवंतनं विचारलं.

"छे छे. माझी तब्येत ठणठणीत आहे."

"मग दात?"

भीमाचार्यांनी जिभेनं दात चाचपले, जणू रंग जिभेला कळतो. गेले काही दिवस घरातल्या प्रत्येकाला बाकीच्यांचे काळे दात दिसत होते, पण वडीलधाऱ्यांच्या दातांबद्दल बोलणं बरं नव्हे म्हणून सगळे गप्प होते. आरशात पाहणं भीमाचार्यांच्या नियमात बसत नव्हतं. त्यांनी वळून मित्राकडे पाहिलं. नरसिंहरावांनी झटकन ओठ मिटले, पण तेवढ्यात बसवंतनं त्यांचेही बत्तीस मोजून घेतले होते.

"अक्का," तो विमलाकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "औषध कोन कोन घ्यालंय?"

"सगळे," विमला म्हणाली.

"सगळे म्हंजे?"

"तो प्रसाद आहे," भीमाचार्यांनी समजावलं. "देवाला दाखवून आम्ही सहाजण घेतो. म्हणूनच सांगायला आलोय, की बाटली स्वल्प मोठी..."

बसवंतनं गोळ्यांची बरणी बंद केली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग बोटांवर हिशेब केला. "बारा मात्रा. त्यातल्या दोन ह्यांच्या पोटात. दहा तुमच्या पोटात. बाटलीवर नाव कुणाचं? ह्यांचं!" एवढं बोलून तो आत धावला आणि डॉक्टरांनाच घेऊन आला.

डॉक्टर नंजुंडय्या कमी बोलणारे. त्यांनी विमलाचं बोट टोचलं आणि थेंब टिपकागदावर घेऊन पट्टीशी ताडला. बासष्ट. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी भीमाचार्यांचा हात ओढला आणि "हे काय? हे काय?" म्हणेपर्यंत त्यांचंही बोट टोचून टाकलं. डॉक्टरांनी पट्टी दोनदा पाहिली.

"पंचाण्णव," ते कानडीत म्हणाले. "अभिनंदन. कारखान्यानं तुम्हालाच घ्यायला हवं."

नरसिंहराव हसले आणि दात आठवून पुन्हा ओठ मिटून घेतले.

डॉक्टर मात्र हसत नव्हते. "घरात लहान मूल आहे?"

"नाही."

"देवाचे उपकार माना. एखाद्या पोरानं हेच औषध सरबत समजून बाटलीभर प्यायलं असतं, तर इस्पितळापर्यंतही पोचला नसतात तुम्ही. दुसऱ्याच्या नावाचं औषध म्हणजे तुमच्यासाठी विष, असं धरून चाला. ज्याच्या नावाची चिठ्ठी, त्यानंच घ्यायचं. सांगितलं तेवढं, सांगितलं तेव्हा. जेवल्यावर. कॉफी नको. कळलं?"

भीमाचार्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण नियम सुटला नव्हता. पंचा सावरून ते म्हणाले, "सरी. तुमचं म्हणणं मान्य. पण माझ्या घरात बाहेरचं पाणी देवाला दाखवल्याशिवाय पोटात जात नाही. आणि दाखवलं की तो प्रसाद, आणि प्रसाद एकट्यानं घेता येत नाही. म्हणजे हे औषध माझ्या घरात येऊच शकत नाही. चल, विमला."

ते खरोखरच पायरी उतरू लागले. त्यांना वाईट वाटत होतं, हे विमलाला त्यांच्या पाठीवरूनही दिसत होतं. पण वाईट वाटून रक्त वाढत नाही. चार आठवडे उरले होते. यादीतली बारावी मुलगी कोण, कुठली, तिला ठाऊक नव्हतं, पण आपल्या खुर्चीवर आपला एप्रन घालून ती बसलेली तिला स्पष्ट दिसली. विमलाला संताप आला. जन्मात पहिल्यांदा इतका संताप आला की तिला चक्करसुद्धा आली नाही.

तिनं खिडकीत तिच्या नावानं भरून ठेवलेली नवी बाटली उचलली आणि हलवली. पिशवीतून काचेची नळी काढली, बूच काढलं, नळी बाटलीत घातली आणि तिथेच भर रस्त्याला तोंड करून, नळी दातांच्या पार मागे धरून, पहिल्या खाचेपर्यंत मिक्श्चर ओढून घेतलं. नळीत उरलेलं, तिच्या तोंडाला लागलेलं औषध बाटलीत परत गेलेलं सगळ्यांनी पाहिलं.

"जेवून आलेय मी," ती बसवंतला म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "अप्पा, आता हे उष्टं झालं. देवाला चालायचं नाही. आणि माझं उष्टं आत्यालाही चालायचं नाही, हयवदनअण्णालाही नाही आणि नरसिंहराव काकांनाही नाही. आता हे फक्त मलाच चालेल."

रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. नरसिंहरावांनी "शिव शिव" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. भीमाचार्य जागच्या जागी उभे होते. ते मनातल्या मनात सगळी शास्त्रं उलटीपालटी करून पाहत होते, हे त्यांच्या भुवयांवरून कळत होतं. उष्टं देवाला चालत नाही. जे देवाला चालत नाही तो प्रसाद होत नाही. जो प्रसाद नाही तो वाटावा लागत नाही. कुठेही फट नव्हती. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं, आणि मुलीनं त्यांच्याच व्याकरणानं त्यांनाच बांधून टाकलं!

"घरात नाही येणार ते," शेवटी ते कसेबसे म्हणाले.

"नको येऊ दे. कंपाउंडाच्या भिंतीत कोनाडा आहे, तिथे ठेवीन. तोही नको असेल तर तीनदा इथे चालत येईन. पण घेणार, अप्पा. रोज घेणार." तिनं बाटली छातीशी धरली.

"अक्का," खिडकीतून बसवंतचा आवाज आला, "बाटलीत नळी आज एकदाच हां. घरी मापानं ग्लासात ओतून घ्या. न्हाईतर मात्रेचा घोळ हुतोय."

बाटली कंपाउंडच्या कोनाड्यात गेली. आत्यानं दोन दिवस विमलाशी अबोला धरला. तिच्या आवाजाची पल्लेदारी हळूहळू अंगणापुरतीच उरली, आणि मोलकरणीनं शेजारणीकडे समाधान व्यक्त केलं. जेवण झालं की विमला बाहेर जाई, बाटली हलवी, ग्लासात एक खाच ओती आणि नळीनं ओढी. पहिले दोन दिवस भीमाचार्य खिडकी लावून घेत. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडी राहिली. चौथ्या दिवशी ते स्वतः कोनाड्यापाशी उभे राहून लांबूनच, बाटलीला शिवायचं नाही म्हणून हात मागे बांधून, लेबल वाचत होते.

"'घेण्यापूर्वी हलवावी' असं लिहिलंय," ते म्हणाले. "काल तू हलवली नाहीस."

"हलवली, अप्पा."

"तीनदाच हलवलीस. नीट हलव."

आणि मग त्यांना नादच लागला. कशानं काय विटाळतं याचे शेकडो नियम ज्याला पाठ, त्याला आणखी पाच नियम म्हणजे मेजवानीच! जेवणानंतर किती मिनिटांनी, कॉफी कधी, ग्लास कशानं धुवायचा, याच्यावर त्यांनी लक्ष ठेवायला सुरुवात केली. कमलाबाई मायेनं कॉफी घेऊन आल्या की ते घड्याळाकडे बोट दाखवत, "अजून बावीस मिनिटं." काळे दात ते राखुंडीनं घासत, दिवसातून दोनदा, मुलीकडे न बघता. पंचाण्णवचा आकडा त्यांच्या मनाला टोचत होता, पण तसं ते कधी बोलले नाहीत.

एका संध्याकाळी नरसिंहराव नेहमीप्रमाणे आले आणि घुटमळले. "आचार्य, गुडघे पुन्हा कुरकुरताहेत. त्या बाटलीतलं आधी वेगळं काढून स्वल्प..."

"बाटलीवर तुमचं नाव आहे?" भीमाचार्यांनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग शिवू नका. औषधाचंही सोवळं असतं, नरसिंहराव. जिच्या नावाचं, ती सोडून सगळं जग ओवळं. तुमचे गुडघे घेऊन डॉक्टरकडे जा."

पुढची बाटली आणायला गेले तेव्हा विमलानं खिडकीपाशी पुन्हा नळी काढली. भीमाचार्यांनी हात आडवा केला. "राहू दे," ते म्हणाले. "उष्टं करायची गरज नाही. आता कुणी हात लावणार नाही." बसवंतनं बाटलीवर कागद चिकटवला, तेव्हा त्यांनी नाव नीट लिहिलंय ना हे दोनदा वाचून पाहिलं.

पेन्सिलीच्या खुणेचा दिवस आला. दोन बसेस बदलून बापलेक कारखान्यात पोचली. लेडी डॉक्टरनं पापणी ओढून पाहिली, बोट टोचलं, टिपकागद पट्टीवर धरला, उजेडात नेला आणि पुन्हा पाहिला.

"शहात्तर," डॉक्टर म्हणाली. "काठावर, पण चालेल. औषध आणखी दोन महिने चालू ठेव, मधेच सोडू नकोस." आणि तिनं कागदावर शिक्का मारला.

शिक्क्याचा आवाज विमलाला फार आवडला. पण अजून एक कागद उरला होता. बाजूच्या खोलीतल्या कारकुनानं तो भीमाचार्यांपुढे सरकवला. पालकाची संमती. भीमाचार्यांनी चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग उलटवून मागची कोरी बाजूही पाहिली. कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं. विमलाच्या मनात आलं, आता ते म्हणतील, काठावरचं रक्त आहे, कशाला दगदग, ती देवाची इच्छा.

भीमाचार्यांनी पेनचं टोपण काढलं आणि पेन कागदावर टेकवण्याआधी मान वर केली.

"विमला, चक्कर येते का अजून?"

विमला त्यांच्याकडे बघतच राहिली. सहा आठवडे घरात औषधावर एवढं रामायण झालं. देवाला विचारून झालं, शास्त्राला विचारून झालं, नरसिंहरावांच्या गुडघ्यांची विचारपूस झाली. तिला हे कुणी आज पहिल्यांदाच विचारत होतं.

"खरं सांग," ते म्हणाले. "सही करण्याआधी विचारतोय. येत असेल तर अजून थांबू. मी डॉक्टरीणबाईंना सांगेन, तुझी जागा धरून ठेवायला सांगेन, हात जोडेन."

"नाही, अप्पा," विमला म्हणाली. "आता नाही येत."

"पूर्वी यायची?"

"रोज यायची."

भीमाचार्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग त्यांनी सही केली, फळ्यावर लिहायचे तशी मोठ्या गोल अक्षरांत, आणि कागद स्वतःच कारकुनाच्या हातात दिला.